रेस बघायला कुठे बसलात? अनुभव येऊ द्या

रविवारचा_चहा
भाचा सिंगापूरच्या रेसला निघालाय. परवा रात्री साडेअकराला फोन, "मामा, कुठलं तिकीट काढू? नकाशात नुसते रंगीत पट्टे दिसतायत." त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं, फोन ठेवला आणि मग झोपच येईना. २०११ डोक्यात फिरायला लागलं.

ग्रेटर नोएडा, बुद्ध सर्किट, ३० ऑक्टोबर. भारतातली पहिली एफ-वन, म्हणजे फॉर्म्युला वन रेस. पुण्याहून झेलमने गेलेलो आम्ही मित्र. मेन स्टँडचं तिकीट पस्तीस हजार, त्याला लांबूनच नमस्कार केला. आमच्या स्टँडचं एक टोक लांबलचक सरळ रस्त्यालगत होतं आणि दुसरं टोक त्याच्या शेवटच्या वळणाकडे. आमच्यातल्या एकाचा हट्ट, सरळ रस्त्यालगतच बसायचं, वेग तिथेच कळतो. शनिवारी क्वालिफाइंगला (रविवारी कोण कुठून सुटणार ते ठरवणारी फेरी) तसेच बसलो. वेग होता हो! तीनशेच्या वर. पण दिसलं काय, तर काहीतरी निळं गेलं. ते जगज्जेता वेटेल होतं हे शेजारच्या सरदारजींनी सांगितलं.

रविवारी पहाटेच दुसरं टोक गाठलं. तिथे गाडी शंभर मीटरच्या पाटीपर्यंत सुसाट येते आणि मग एकदम ब्रेक. एकामागोमाग एक गिअर खाली पडतात, प्रत्येकाचा वेगळा फटाक आवाज, आणि चाकाच्या आत ब्रेकची डिस्क लालभडक झालेली दिसते. हेल्मेटच्या रंगावरून माणूस ओळखू येतो. कोण घाबरून आधी ब्रेक मारतो आणि कोण शेवटपर्यंत दम धरतो, हे दोन-चार फेऱ्यांत कळायला लागलं. तेव्हाची आठ सिलिंडरची व्ही-एट इंजिनं, कानात कापसाचे बोळे कोंबूनही छातीत हादरे बसत होते. शेवटी सचिनने झेंडा फडकवला तो मात्र आम्हाला फक्त मोठ्या पडद्यावर दिसला.

तर लिहा. कुठे बसलात, काय दिसलं, काय हुकलं. एफ-वनच पाहिजे असं नाही. रॅली, मोटोक्रॉस, काहीही चालेल.

झिरो_कार
नाशिक रॅली. आधी वारा बघायचा, मग जागा. कच्चा रस्ता, एक गाडी गेली की धुळीचा लोट ज्या बाजूला जातो त्या बाजूला उभं राहिलात तर पुढच्या दोन गाड्या दिसतच नाहीत, आणि घरी गेल्यावर बायको दारात उभी करते ती वेगळीच.
वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही नाही. कधीही. गाडी सुटली की ती बाहेरच जाणार. मी आतल्या बाजूला, उंचावर, आणि पाठीमागे पळायला जागा असेल असा बांध शोधतो. आधी झिरो कार जाते, रस्ता रिकामा आहे का बघत. ती गेली की डबे उघडायचे नाहीत, खिशात घालायचे. मार्शलची शिट्टी आली की कितीही गप्पा रंगल्या असोत, तोंड रस्त्याकडे. गाव जवळ असेल तर गावातल्या पोरांना विचारा. त्यांना आदल्या दिवशीच ठाऊक असतं कुठे गाडी उडणार आहे.

चटणी_पोळी
"बायको दारात उभी करते" 😂😂 काका, आमच्याकडे तर अंगणातच पाइप लावतात.

मृदुला_टेक्सास
ऑस्टिनच्या एफ-वनबद्दल लिहू का? आम्ही डॅलसहून जातो. पहिल्या वळणाची टेकडी टीव्हीवर काहीच वाटत नाही. प्रत्यक्षात स्टार्ट लाइनपासून वळणापर्यंत चांगलाच खडा चढ आहे, आणि सगळ्या गाड्या एकदम अंगावर चढून येतात. मुलगी मला बिलगून "आई आई" करत होती आणि मी तिच्यापेक्षा जोरात ओरडत होते.
जनरल अॅडमिशन (ठरलेली खुर्ची नसलेलं तिकीट) असेल तर पहाटे पोचायची तयारी ठेवा. गेट उघडल्यावर लोक घडीच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन पळतात, अक्षरशः. मागे बसलात तर पुढच्यांच्या टोप्या दिसतात. टेकडीवरून खालचा पुढचा भाग पण दिसतो हा फायदा. तोटा: सावली नाही, आणि संध्याकाळी बसची रांग. तेव्हा मुलं रडतात, नवरे गप्प होतात, आणि कोणीतरी आपल्याच डब्यातली थालीपीठं संपवलेली असतात.

कोल्हापूरचा_तांबडा
थालीपीठ नेलंतासा व्हय रेसला?! मानलं ताई 🙏

मृदुला_टेक्सास
अहो तिथली बर्गरची किंमत बघितलीत तर तुम्ही भाकरी-ठेचा न्याल.

आयंडहोवनकर
बेल्जियममधलं स्पा सर्किट, २९ ऑगस्ट २०२१. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.
ज्यांना नाही त्यांच्यासाठी: दुपारी तीनची रेस. पाऊस. मग पाऊस. मग सेफ्टी कारमागे (ही पुढे असली की सगळ्यांनी हळू, ओव्हरटेक नाही) थोडं फिरवून लाल झेंडा, म्हणजे रेस थांबली. मग परत पाऊस. सहा वाजून गेल्यावर पुन्हा सेफ्टी कारमागे जेमतेम दोन-तीन फेऱ्या, आणि व्हर्स्टापेन विजयी, अर्धे गुण. एकानेही एकाला ओव्हरटेक केलं नाही. मी पूओं नावाच्या वळणाच्या उतारावर कचऱ्याच्या काळ्या पिशवीवर बसले होते. गवत ओलं झालं की तिथला उतार घसरगुंडी होतो. दर पाच मिनिटांनी कोणी ना कोणी खाली जात होतं आणि वरचे सगळे टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी तीच खरी शर्यत.
शिकवण एकच, छत्री नको, पोन्चो (डोक्यावरून घालायचा रेनकोट) घ्या. पुढच्याने छत्री उघडली की तुमची जागा कितीही भारी असो, गेली.
नंतर कोरड्या हवेत परत गेलो, तेव्हा ओ रूज या वळणाच्या चढावर उभे राहिलो. तो चढ टीव्हीवाले कसा काय सपाट करून दाखवतात देव जाणे. खालून गाडी येताना दिसते आणि मग फक्त आवाज डोंगरावर चढतो. पण तिथे दोन सेकंदांत सगळं संपतं. बसायला पूओंच बरं. गाडी लांबून येते, लांब वळते, लांब जाते.

मंचरकर_बैलगाडा
माफ करा, मोटर नाही पण राहवत नाही. आमच्याकडं बैलगाड्याच्या घाटावर (गाडा पळतो ती धावपट्टी) लोक निशाणाजवळ गर्दी करतात. खरा बघणारा घाटाच्या मध्यावर, बाजूच्या उंचवट्यावर बसतो. बारी (एका गाड्याची धाव) सुटताना पण दिसते आणि शेवटची झेप पण. निशाण ओलांडल्यावर बैल ब्रेक मारत नाहीत दादा, तिथं उभा राहिलेल्यालाच पळावं लागतं. २०२१ ला कोर्टाने परवानगी दिल्यावर पहिल्या शर्यतीला एवढी गर्दी होती की मला गाडा दिसलाच नाही, नुसतं स्पीकरवरचं भिर्रर्र ऐकून घरी आलो.

झिरो_कार
बरोबर बोललात. मधोमध आणि उंचावर. रॅलीलाही तेच.

नियमावली_वाचा
धागा मोटर रेसचा आहे. बैलगाड्यासाठी वेगळा धागा काढावा.

चटणी_पोळी
बैलाला पण टॉर्क असतो हो. राहू द्या.

लिव्हरपूलची_माई
आमचे हे बाइकवेडे. आइल ऑफ मॅन बेटावर गेलो टीटीला, म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी या बाइकच्या शर्यतीला. बोट लिव्हरपूलहून. तिथे वेगळाच प्रकार, सर्किटबिर्किट काही नाही, गावातले, डोंगरातले रोजचे रस्ते बंद करून शर्यत. एक फेरी जवळजवळ साठ किलोमीटरची. रस्ता एकदा बंद झाला की झाला, पलीकडे जाता येत नाही. म्हणजे सकाळी जिथे बसलात तिथेच दुपारपर्यंत. म्हणून जागा निवडताना पहिला प्रश्न बाथरूमचा. हसू नका. चर्चच्या अंगणात बसावं हे माझं मत. बायका चहा-केक विकत असतात, बसायला बाक असतात, आणि भिंतीपलीकडून बाइक जाते तेव्हा बशीतला चमचा वाजतो.
यांना बालाफ ब्रिज पाहिजे होता. तिथे पुलावरून बाइकची दोन्ही चाकं हवेत जातात. बघितलं, छान आहे. पण मजा अशी की सगळे एकदम सुटत नाहीत, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सोडतात. जो पुढे दिसतो तो पहिलाच असेल असं नाही. ट्रान्झिस्टर कानाला लावून शेजारचे आजोबा मला वेळा सांगत होते, नाहीतर मला काय कळणार कोण जिंकतंय.
जिथे बसायला मनाई आहे तिथे पाट्या असतात. पाळा. कितीतरी माणसं जिवाला मुकलीत तिथे, गंमत नाही.

रविवारचा_चहा
माई, बशीतल्या चमच्याला दाद 👏 पुढच्या वेळी यांना पण लिहायला लावा.

लिव्हरपूलची_माई
ते गॅरेजमध्ये आहेत. जेवायला बोलावलं की येतील, लिहायला नाही.

डोनट_हुकलेला
२०१३. नोएडा. मी सगळा अभ्यास करून, लांबच्या वळणावर, डबल उजवीकडे वळणारा तो बँक केलेला भाग आहे ना, तिथे बसलो. गाडी पाच-सहा सेकंद डोळ्यासमोर, अप्रतिम. वेटेल जिंकला, चौथं विजेतेपद. आणि मग पठ्ठ्याने गाडी नेली मेन स्टँडसमोर, गोल गोल फिरवून धूर काढला, गाडीपुढे गुडघे टेकले, हातमोजे लोकांत फेकले. टीमला पंचवीस हजार युरो दंड झाला म्हणे. मी पडद्यावर बघत होतो, समोर रिकामा ट्रॅक आणि एक मार्शल पाणी पितोय.
तेव्हापासून माझ्याशी कोणी "बेस्ट कॉर्नर"चा वाद घालायचा नाही.

सिकंदराबाद_मराठी
😂 बिचारे.
आमच्या हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला-ई झाली, हुसेन सागरच्या काठाला. लोक म्हणाले इलेक्ट्रिक आहे, आवाज नाही, काय बघणार. आवाज नाही म्हणूनच बाकी सगळं ऐकू येतं. टायर किंचाळतात, गाडीचं पोट रस्त्याला घासतं, एक गाडी दुसरीला चाटून गेली की खरवडल्यासारखं होतं. व्हर्न जिंकला. शहरातल्या ट्रॅकचा प्रॉब्लेम एकच, जाळी. तळाच्या रांगेत बसलं की जाळीच बघायची. सहाव्या-सातव्या रांगेच्या वर जा.
आमची तिकिटं एका एजंटकडून, "फुल व्ह्यू" म्हणून. समोर दिव्याचा खांब. खांबाच्या डावीकडून गाडी जायची आणि उजवीकडून निघायची. पैसे मागितले तर म्हणतो, खांब नंतर लावला.

फोकस_गेला
जाळीवर उपाय आहे. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, अॅपर्चर पूर्ण उघडा, फोकल लेंथ मोठी. जाळी विरघळून जाते. मोबाइलवाल्यांनी प्रयत्न करू नये, फोकस जाळीवरच बसतो. गाडी पळतेय असं दाखवायचं तर शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास आणि कंबरेतून वळत गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा. शंभरात चार फोटो बरे आले तर पेढे वाटा. आणि सूर्य पाठीमागे असेल असा स्टँड घ्या, हे कोणी बोललंच नाही!

चटणी_पोळी
सूर्यावरून आठवलं, २०२३ ची मोटोजीपी, बाइकची रेस. सप्टेंबर. नोएडा. उकाडा असा की रेसच्या फेऱ्याच कमी केल्या, होर्हे मार्टिन दुसरा आला आणि पाणी कमी पडून कोसळला. आम्ही उघड्या स्टँडवर. लोखंडी पायऱ्यांवर मांडी घालता येईना. समोर मेन स्टँडवाले छपराखाली, आरामात. माझा भाऊ म्हणाला, पुढच्या वेळी कर्ज काढू पण छप्पर घेऊ.

बालेवाडी_आई
सगळे परदेशातलं लिहितायत म्हणून मी पुण्यातलं. जानेवारी २०२४, बालेवाडीत सुपरक्रॉस झालं. मुलगा सात वर्षांचा. स्टेडियम असल्यामुळे बसल्या जागेवरून अख्खा ट्रॅक दिसतो, मान फिरवायची नाही, पडदा बघायचा नाही. लहान मुलांना पहिली रेस दाखवायची तर हेच. त्याला बाइक उडतात यापेक्षा मातीचा ढीग करणारा जेसीबी जास्त आवडला, ते जाऊ दे. कानाला हेडफोनसारखे मफ्स घ्या मुलांसाठी, कापूस टिकत नाही, बाहेर काढून चघळतात.

कोल्हापूरचा_तांबडा
जेसीबी तर आम्हाला पण आवडतो ताई, वय काय विचारताय.

सिंगापुरातून_सई
मामा, भाच्याला सांगा: पाडांग मैदानाचा भाग घ्यायचा असेल तर रेसपेक्षा गाण्यांच्या कार्यक्रमासाठी घ्या. तिथे दुपारपासून स्टेजपुढे जागा धरलेली माणसं असतात, त्यांना रेसशी देणंघेणं नसतं. वॉकअबाउट (ठरलेली जागा नसलेलं, फिरत बघायचं तिकीट) स्वस्त, पण चांगल्या चौथऱ्यांवर जागा सातच्या आत भरते, रेस आठला. सराव शुक्रवारी असतो, त्या दिवशी भटकून घ्यावं आणि रविवारची जागा ठरवावी. २०२३ पासून ट्रॅकचा एक भाग बदललाय, जुने व्हिडिओ बघून जागा ठरवू नका म्हणावं. घाम इतका येतो की रुमाल नाही, पंचा न्या. २०२२ ला पावसाने रेस तासाभराने उशिरा सुरू झाली होती, पोन्चो. उंच इमारतींमुळे आवाज सगळीकडून येतो, गाडी कुठून येतेय कळतच नाही. आणि परत जाताना सिटी हॉल स्टेशनची गर्दी टाळायला अर्धा तास शांत बसून आइस कचांग (तिथला बर्फाचा गोळा) खावा.

रविवारचा_चहा
सईताई, स्क्रीनशॉट काढून पाठवला त्याला. त्याचं उत्तर: "मामा, पंचा म्हणजे काय?"

मंचरकर_बैलगाडा
😂😂 या पोरांचं काय होणार.

मृदुला_टेक्सास
सासू-सासरे ऑक्टोबरमध्ये येतायत, त्यांना ऑस्टिनला न्यायचं मनात आहे. गुडघे दुखतात दोघांचे, टेकडी जमणार नाही. बारावं वळण की पंधरावं? कोणी बसलंय?

ह्युस्टनचा_बंड्या
बारावं लांब सरळ रस्त्यानंतर आहे, ओव्हरटेक तिथे. पण पंधराव्याकडून बारा ते पंधराचा सगळा गुंता दिसतो. सासऱ्यांना काय आवडतं?

मृदुला_टेक्सास
सासऱ्यांना क्रिकेट आवडतं. 😐

ह्युस्टनचा_बंड्या
मग पंधरावं. आणि खालची रांग घेऊ नका, कठड्याने आडोसा होतो. उशी मात्र न्या, बाक कडक आहेत.