‘द ऑक्टोबर मॅन’ वाचलं. आवडलं आणि नाहीही. याच मालिकेतली पुढची लघुकादंबरी घेऊ का?

नान्नजचा_भाचा
‘रिव्हर्स ऑफ लंडन’ या बेन आरोनोविचच्या जादू-पोलीस कादंबरीमालिकेचा मी जुना भक्त. लंडनचा जादू शिकणारा पोलीस पीटर ग्रँट, त्याचे मोठे भाग वाचून संपले म्हणून 2019चं ‘द ऑक्टोबर मॅन’ मागवलं. यात पीटर नाही, त्याचा गुरू नाइटिंगेल नाही, लंडनच नाही. जर्मनीतलं ट्रिअर, टोबियास विंटर हा जादू शिकलेला पोलीस, आणि अंगभर बुरशी चढलेलं प्रेत. बुरशी कुठली, तर द्राक्षावरची बोट्रायटिस.

इथं मी सावरून बसलो. मामाची नान्नजला बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि पानावर डावणी रोगाचा डाग दिसला की घरात कुणी धड जेवत नाही, आधी फवारणीचा ब्लोअर बाहेर निघतो. तिकडं त्याच ऑक्टोबरात तोडणी चालते आणि काही मळेवाले मुद्दाम ही बुरशी लागू देतात! मणी सुरकुततो, पाणी उडतं, साखर दाट होते, मग त्याची गोड वाइन महाग विकली जाते. मामाला सांगितलं तर म्हणाला, “कुजलेल्या मालाला भाव देतेत? पत्ता दे की त्यांचा.”

तर मळा, वाइन, नदीच्या देवता हे सगळं झकास. अडलं ते टोबियासपाशी. तो तोंड उघडतो आणि पीटरच बोलतोय असं वाटतं. तेच कोरडे टोमणे, वरिष्ठांवर तीच कुरकुर. पीटरच्या थट्टेमागं त्याचं घर असतं, जाझ वाजवणारा बाप, सिएरा लिओनची आई. याच्यामागं काय आहे ते पुस्तक मिटलं तरी हाताला लागलं नाही. त्याच्यासोबतची स्थानिक पोलीस व्हॅनेसा सॉमर मात्र आवडली. ती ट्रिअरची, तिला तिथली माणसं ठाऊक आहेत. तिनंच गोष्ट सांगायला हवी होती.

आता पीटरच्या बहिणीचं, अ‍ॅबिगेलवालं (‘व्हॉट अ‍ॅबिगेल डिड दॅट समर’) घेऊ का? पुन्हा तोच आवाज असेल तर पैसे बेदाण्यात घालतो.

सातरस्ता_७७
बापाचं आणि जाझचं सोड बे. मला त्यात एटर्सबर्ग दिसलं. मूळ मालिकेत 1945ची तिथली, जर्मनीतली मोहीम आपण नाइटिंगेलच्या बाजूनं ऐकतो, इंग्रज जादूगारांची पिढी तिथं संपली म्हणून. इथं ज्यांच्या देशात ते घडलं त्यांच्या आजच्या खात्यातला माणूस बोलतोय. लंडनच्या फॉलीकडं, म्हणजे पीटरच्या जादूखात्याकडं, ते कसे बघतात, किती सावध असतात, हे पीटरच्या तोंडून कधीच आलं नसतं. लहान पुस्तक आहे, एवढ्यात माणूस किती उलगडणार?

नान्नजचा_भाचा
सावधपणा पटला. पण सावध माणसाचे विनोद तरी वेगळे असावेत की नाही?

विजापूररोडची_वाचक
भाचेबुवा, ऑडिओबुक ऐकून बघा. मुख्य मालिका कोबना होल्डब्रुक-स्मिथ वाचतो, ‘ऑक्टोबर मॅन’ सॅम पीटर जॅक्सन. वाचणारा बदलला आणि माझ्यापुरता टोबियास पीटरपासून सुटला. कागदावर मलाही तो पीटरचा चुलतभाऊच वाटला होता.

अ‍ॅबिगेल बिनधास्त घ्या. 2021चं आहे. पोरगी शाळकरी, आगाऊ, हॅम्पस्टेड हीथवर पोरं गायब होतायत आणि हिच्या मदतीला बोलणारे कोल्हे. तिची भाषा लंडनच्या पोरांची, इतकी की एका अमेरिकन बाईला ती कळावी म्हणून फॉलीचा दप्तर सांभाळणारा पोस्टमार्टिन तळटीपा देत बसतो. मला त्या टीपांचाच जास्त लळा लागला. माझ्या मुलीनं मात्र सगळ्या गाळून वाचलं.

सातरस्ता_७७
कोल्हे भारी आहेत. हेर असल्यासारखे वागतात. मी सेकंडहँड घेतलंय, वाचून झालंय. रविवारी पार्क चौकात ये, देतो. पानं दुमडू नको तेवढं.

नान्नजचा_भाचा
येतो. मामाकडचा बेदाणा आणतो. बुरशी नसलेला.