मदत हवी आहे: थंडीत ट्रॅक्टर सुरू होईना, कॅनडाचा ब्लॉक हीटर बसवू का?

मंडळी, आमचं रान भिलारच्या वरच्या अंगाला. ट्रॅक्टर जुना, ३५ एचपी, तीन सिलिंडर, आमच्याकडं आला तेव्हाच तिसऱ्या हातातला. वेण्णा लेकला दव गोठल्याचे फोटो पेपरात आले की समजायचं, आज गडी रुसणार. सहा-सात वेळा सेल मारावा लागतो. धुराड्यातून नुसता पांढरा धूर. एखादा सिलिंडर धरतो, लगेच सोडतो आणि तोवर बॅटरी बसते. इकडं स्ट्रॉबेरीचे क्रेट भरून बांधावर. दुपारी मात्र किल्ली फिरवायचा अवकाश, सुरू.

आजवरचा उपाय म्हणजे रात्री उतारावर लावायचा, सकाळी गिअरमध्ये टाकून सोडायचा. नाहीतर बंबातलं पाणी रेडिएटरात. वडील पेटता बोळा एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायचे, पण एकदा रबरी पाइप करपल्यावर ते बंद केलं.

दिवाळीत भाचा कॅनडातून आला, तिकडं शेतावरच कामाला आहे. मामासाठी ब्लॉक हीटर घेऊन आला. ब्लॉकच्या बाजूला जी गोल पत्र्याची टोपी असते ती काढून तिथं हा बसवायचा, वायर घरच्या सॉकेटला, की आतलं पाणी तापतं. वर १२० व्होल्ट, १००० वॅट लिहिलंय. मिस्त्री म्हणतो, बसवू की, त्यात काय! त्याच्या या "त्यात काय"चीच मला भीती वाटते. कुणी बसवलाय का? निगा काय राखायची?

कराडचा फिटर:
दादा, आधी तो सॉकेटपासून लांब ठेवा. १२० व्होल्टला १००० वॅट म्हणजे कॉइल साधारण साडेचौदा ओहमची. आपल्या २३० वर तीच कॉइल साडेतीन हजार वॅटच्या वर ओढणार. कॉइल जळेल ती जळेल, पण ट्रॅक्टरच्या पत्र्यात करंट उतरला तर तुम्ही हात लावायला पुढं असाल.
आणि मुळात तुमच्या इनटेक मॅनिफोल्डवरचा, म्हणजे सिलिंडरात हवा नेणाऱ्या नळीवरचा, हवा तापवणारा हीटर चालतोय का? किल्ली हीटवर धरून त्याच्या टर्मिनलला टेस्ट लॅम्प लावून बघा.

मूळ गाव विटा, सध्या एडमंटन (कॅनडा):
भाच्यानं प्रेमानं आणलाय, पण तो इथल्या थंडीसाठी. आम्ही उणे १५च्या खाली गेल्यावर लावतो. पाच-सात अंशाला डिझेल इंजिन त्याच्याशिवाय सुरू व्हायलाच हवं.
तरी विचारलंय म्हणून सांगतो, मागच्या वर्षी मी माझा बदलला. इंजिन पूर्ण गार असताना कूलंट ब्लॉकमधूनही काढायचं, फक्त रेडिएटरमधून नाही. जुना हीटर निघाला की भोकाची कड पॉलिश पेपरनं साफ करायची, गंजाचा खवलाही ठेवायचा नाही. नव्या ओ-रिंगला जरा कूलंट चोपडायचं. आत कॉइल ओतकामाला टेकता कामा नये, आणि भोकाचा व्यास जुळत नसेल तर ठोकून बसवायच्या फंदात पडू नका. मग कूलंट भरा, इंजिन चालवून हवा काढा, गळती बघा. प्लग त्यानंतरच. मी पहिल्यांदा घाईत आधीच लावला होता. कॉइलभोवती हवा राहिली आणि नवा कोरा हीटर मिनिटभरात गेला.
निगा फार नाही. दर सीझनला मीटरनं ओहम बघायचे. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली, बॉडीशी कंटिन्युटी, म्हणजे करंटला वाट, दाखवली तर लगेच काढून टाकायचा. वायर पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधायची. रात्रभर लावायची गरज नाही, टायमरवर दोन-तीन तास पुरतात.

ढेबेवाडीकर:
गार ब्लॉकमध्ये उकळतं पाणी ओतू नका हो, तडा गेला तर हीटर स्वस्त वाटेल. आणि दरवेळी साधं पाणी भरून आतली टोपी गंजतेच. कूलंट भरा.

कराडचा फिटर:
आणखी एक. कुणी हवेच्या वाटेत इथरचा स्टार्टिंग स्प्रे मारून सुरू करायला सांगेल. मॅनिफोल्ड हीटर लाल असताना स्प्रे मारला तर मॅनिफोल्डातच भडका होतो. दोन्ही एकत्र कधीच नको. सेल मारताना बॅटरीचे व्होल्ट किती उतरतात तेही कळवा.

धागाकर्ता (चार दिवसांनी):
टेस्ट लॅम्प लागलाच नाही. माग काढत गेलो तर मॅनिफोल्ड हीटरची वायर आधीच्या कुण्या मालकानं तोडून, टेप गुंडाळून डॅशबोर्डामागं खोचून ठेवलेली! इतकी वर्षं मी त्या किल्लीचा हीटचा टप्पा इमानदारीत धरत होतो. सेल मारताना स्टार्टरपाशी साडेआठच व्होल्ट पोचत होते. अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली हिरवी झालेली, ती घासून बसवली, आता दहाच्या वर राहतात. वायर फ्यूज टाकून नवी ओढली. आज पहाटे बोटं बधिर होती, वीस सेकंद हीट धरली, दुसऱ्या सेलला सुरू. धूर आला, पण थोडाच.

ऑइलही २०डब्ल्यू-४० काढून थंडीत जरा पातळ राहणारं १५डब्ल्यू-४० टाकणार आहे, मिस्त्री नाक मुरडतोय.

ब्लॉक हीटर फडताळात. भाच्याचा रोज मेसेज येतो, "मामा, बसवल्यावर फोटो टाक." आता त्याला काय कळवू, तेवढं सांगा.