हरिप्रियातला स्पीकर आणि वहिनींचा डबा

ए-२०२: नमस्कार. बी विंगच्या मंडळींचं तिरुपतीचं दर्शन छान झालं, आनंद आहे. पण हरिप्रिया एक्सप्रेसला त्याच डब्यात आम्हीपण होतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन गणपतीत झालंय, सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या पायाशी चौघं बसून साडेअकरापर्यंत रमी. वर स्पीकर. सकाळी बघतो तर तिच्या चपलेत मूठभर भडंग.

बी-३०४: कोल्हापूरची गाडी, निम्मा डबा भडंग खात होता. बिल आमच्यावरच का? 😄

ए-१०४: लसूण होता काय? मग बी विंगच.

ए-२०२: विषय भडंगाचा नाही. रात्री १० नंतर मोठ्यानं गाणी नाहीत, नाइट लॅम्प सोडून दिवे बंद. रेल्वेचा नियम आहे.

बी-१०३ वहिनी: माझा स्टीलचा डबा कुणाकडं गेलाय? तीन कप्प्यांचा, झाकणावर नाव आहे.

बी-३०४: नियमच काढायचा तर खालच्या बर्थवर १० पर्यंत बसायचा हक्क सगळ्यांचा. काकू आठलाच आडव्या झाल्या. आम्ही काय बोललो का? बसलो की कडेला टेकून.

ए-२०२: १० पर्यंत. साडेअकरा नव्हे.

सेक्रेटरी: वैयक्तिक विषय ग्रुपवर नकोत. उद्या ९ वाजता टाकी धुणार आहे.

ए-१०४: गेल्या वेळी पण उद्याच होती 🙏

बी-२०१: एवढा त्रास होता तर तिथंच सांगायचं. आता चार दिवसांनी इथं कशाला?

ए-२०२: दोनदा सांगितलं. एकदा म्हणालात, "हा शेवटचा डाव." नंतर आवाज कमी केला, पाच मिनिटांत परत होता तिथं. रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला, फोन लावणार होतो, शेजारी म्हणून गप्प बसलो. पण समोर बेळगावला चढलेली बाई होती. पोराला थोपटून दमली, शेवटी त्याला घेऊन बेसिनपाशी उभी राहिली. तिची तुमची कसली ओळख?

बी-२०१: त्या बाळाला दात येत होते. तिनंच सांगितलं.

ए-१०१ काका: मागं पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी बाहेरच्या पोरांनी स्पीकर लावला, तर ३०४ नंच त्यांना झाडलं होतं. मी होतो सोबत.

बी-३०४: काका, तो पन्हाळा.

ए-२०२: १० नंतर शांतता. नियम आहे.

बी-१०३ वहिनी: डबा??

ए-२०२: वहिनी, आमच्याकडं आहे. हुबळीच्या पुढं तुम्ही आईला धपाटी दिली होती त्यातनं. घासून ठेवलाय.

बी-१०३ वहिनी: बरं. रिकामा पाठवू नका हं 😊

बी-३०४: बघा! धपाटी चालली, गाणी नाही.

ए-२०२: धपाटी सातला होती.