हायपर-थ्रेडिंग बंद करावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या पीसीत जुना इंटेल प्रोसेसर आहे, २०१९ मध्ये उघड झालेल्या झॉम्बीलोड या सुरक्षा-त्रुटीचा फटका बसणारा. मायक्रोकोड आणि विंडोजचे अपडेट टाकलेत. तरी हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर एकाच वेळी दोन थ्रेड, म्हणजे दोन कामं चालवायची सोय) बायोसमधून बंद करावं का, ठरत नाहीये.

मला समजलंय ते असं: एका कोअरवरचे दोन थ्रेड एल१ कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) आणि आतले काही बफर वाटून घेतात, त्यामुळे एका थ्रेडवरचा कोड शेजारच्याचा डेटा ताडू शकतो. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१८ मध्ये आणि क्रोम ओएसने २०१९ मध्ये हायपर-थ्रेडिंग डिफॉल्टच बंद ठेवलं. इंटेल मात्र सरसकट बंद करा असं म्हणत नाही. आता आपण कोणाचं ऐकायचं?

सर्व्हरवर अनोळखी लोकांची व्हर्च्युअल मशीन (एकाच संगणकात चालणारे आभासी संगणक) शेजारी चालतात, तिथला धोका कळतो. माझ्याकडे परका कोड म्हणजे ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट. शिवाय अधूनमधून व्हर्च्युअल मशीनमध्ये संशयास्पद फाइल उघडून बघतो (खोड आहे, जात नाही). निदान त्यासाठी तरी बंद करायला हवं का? व्हिडिओ रेंडरिंगही करतो, त्यामुळे वेग घालवणं जिवावर येतं. कोणी बंद करून वापरत असाल तर रेंडरला किती फरक पडला तेही सांगा.