गॅलिफ्रे वनला आपल्यातलं कोणी जातं का? लेकीसाठी विचारतेय

प्रेषक: नवीन सभासद, साउथ बे

नमस्कार मंडळी,

आम्ही मागच्या उन्हाळ्यात इकडे राहायला आलो, लिस्टवर पहिल्यांदाच लिहितेय. लेक नववीत आहे आणि तिला डॉक्टर हू या ब्रिटिश मालिकेचं प्रचंड वेड आहे. फेब्रुवारीत लॉस एंजेलिस विमानतळाजवळच्या मॅरियट हॉटेलात तीन दिवस गॅलिफ्रे वन म्हणून या मालिकेच्या चाहत्यांचं कन्व्हेन्शन असतं, तिला तिथे जायचंच आहे. तिच्या वर्गात दुसरं कोणीच ही मालिका बघत नाही त्यामुळे सोबत मीच जाणार, आणि मालिका मला फारशी माहीत नाही.

तर विचारायचं असं की तीन दिवस एका हॉटेलात लोक नक्की करतात काय? या वयाच्या मुलीला थोडं मोकळं सोडावं असं वातावरण असतं का? आणि सही, फोटो सगळ्याला वेगळे पैसे पडतात असं ऐकलं, मग नुसतं आत जाऊन तिला काय मिळणार? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रेषक: ग्रंथालय समितीतली ताई

नक्की घेऊन जा तिला! मी बरीच वर्षं जातेय आणि आपल्या लिस्टवर याबद्दल कोणीतरी विचारलं याचाच मला इतका आनंद झालाय की ऑफिसातून आल्या आल्या लिहायला बसले.

आधी काय करतात ते. शुक्रवार ते रविवार, सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच वेळी वेगवेगळ्या हॉलमध्ये कार्यक्रम चालू असतात. मोठ्या हॉलमध्ये नट-नट्यांच्या मुलाखती, ते तर आहेच, पण मला जास्त आवडतात ती छोट्या खोल्यांमधली पॅनल्स, जिथे लेखक, दिग्दर्शक, कपडेपट सांभाळणारे, राक्षसांचे मुखवटे करणारे असे पडद्यामागचे लोक बसलेले असतात आणि समोर प्रेक्षक अगदी तपशिलात शिरून प्रश्न विचारतात. या मालिकेची ती सिग्नेचर ट्यून, तुम्ही ऐकली असेलच लेकीच्या खोलीतून, रॉन ग्रेनरने लिहिली आणि डेलिया डर्बिशर नावाच्या बाईने 1963 मध्ये बीबीसीच्या ध्वनी-वर्कशॉपमध्ये प्रत्यक्षात आणली, सिंथेसायझर वगैरे काही नसताना, एकेक सूर टेपवर घेऊन, टेपचे तुकडे हाताने कापून, जोडून. असल्या विषयावर तासभर बोलणारी माणसं तिथे भेटतात आणि खोली भरलेली असते. शिवाय विक्रीचे स्टॉल, शनिवारी रात्री वेशभूषेची स्पर्धा.

पण खरं कन्व्हेन्शन लॉबीत होतं, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. तिथे बॅजच्या खाली चिकटवायच्या रंगीत कापडी पट्ट्या असतात, रिबन म्हणतात, लोक स्वतः मजकूर ठरवून छापून आणतात आणि फुकट वाटतात. एकाखाली एक चिकटवत जायचं, रविवारपर्यंत काहींची माळ गुडघ्याच्याही खाली पोचलेली असते. लेक बुजरी असेल तर तिला सांगा स्वतःची एक रिबन छापून घे, तिच्या आवडत्या डॉक्टरबद्दलचं एखादं वाक्य घालून (डॉक्टर म्हणजे मालिकेचा नायक, काळात मागेपुढे फिरणारा परग्रहवासी, काही वर्षांनी नट बदलतो, म्हणून पहिला डॉक्टर, चौथा डॉक्टर असं म्हणतात). मग अनोळखी माणसाशी काय बोलू हा प्रश्नच राहत नाही, "रिबन हवी?" एवढं म्हटलं की झालं, समोरचा आपली देतो, आणि मग तुझा आवडता डॉक्टर कोण, असं सुरू होतं. वर्गात एकटी पडलेली पोरं तिथे दोन तासांत बोलकी होताना मी पाहिलीत.

वातावरणाचं म्हणाल तर सगळं स्वयंसेवक चालवतात, सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून करतात, आपल्या अधिवेशनासारखंच समजा, खुर्च्या लावणाऱ्यापासून स्टेजवर माईक देणाऱ्यापर्यंत. आजी-आजोबा, बाबागाडीतली बाळं, सगळे असतात. तरीसुद्धा दोन नियम तिला समजावून ठेवा, वेश केलेल्या कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि कपड्यांना हात लावायचा नाही, आणि हेच तिच्या बाबतीतही, कोणी न विचारता फोटो काढला तर सरळ स्वयंसेवकाला जाऊन सांगायचं. वयाबद्दलचे नियम साइटवर वाचून घ्या. मी स्वतः नववीतल्या मुलीला पॅनलला एकटं जाऊ देईन, पण कोणाच्या रूमवर जायचं नाही हे स्पष्ट सांगेन.

प्रेषक: जुने सभासद, ऑरेंज काउंटी

ताईंनी छान लिहिलंय, त्यांच्या उत्साहाबद्दल आदर आहे. पण मी दुसरी बाजू मांडतो. आमच्या मुलाला आम्ही एकदा असल्या एका मोठ्या सोहळ्याला नेलं होतं (हे नव्हे, दुसरं), दिवसभर रांगा, सहीसाठी पैसे, फोटोसाठी पैसे, आणि तो नट वर मान करून बघतसुद्धा नाही, पुढचा या, पुढचा या. मुलगा हिरमुसून घरी आला. मुलाखती नंतर यूट्यूबवर येतात, मालिका घरी दिसते. मग एवढा खर्च कशाला? त्याच पैशात तिला एखादा क्लास लावा असं मी म्हणेन.

प्रेषक: ग्रंथालय समितीतली ताई

काका, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं, आणि सहीपुरतं मला तुमचं म्हणणं पटतं. सह्यांवर चालणारे मोठे व्यापारी सोहळे असतात, तिथे कंपनी नटांना आणते, लोकांना रांगेत उभं करते. लहान मुलाला तिथे माझ्या मते नेऊच नये, निदान पहिला अनुभव म्हणून तरी नाही. गॅलिफ्रे वनलाही सही आणि फोटो यांचा खर्च पाहुण्यानुसार असतोच, पण त्यातलं काहीही न घेता तीन दिवस पुरेपूर भरतात.

पण मालिका घरी बसून दिसते असं जे तुम्ही म्हणालात त्यावर मला बोलायचंय, कारण या मालिकेतलं घरी बसून जे दिसतं ना, ते बरंचसं चाहत्यांनीच जपलंय. साठच्या दशकातल्या टेप बीबीसीने पुसून टाकल्या होत्या, टेप महाग असायच्या, पुन्हा वापरता यायच्या, आणि जुना एपिसोड पुढे कोणी मागेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. आजही नव्वदहून जास्त एपिसोडांचं चित्र कुठेच नाही. पण आवाज मात्र एकूण एक एपिसोडचा आहे, आणि तो आहे कारण त्या काळी काही चाहत्यांनी आपापल्या घरी टीव्हीपुढे माईक धरून ते रेकॉर्ड करून ठेवले होते. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते. 2013 मध्ये नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रात नऊ हरवलेले एपिसोड सापडले, तेही असाच एक माणूस वर्षानुवर्षं देशोदेशीची केंद्रं धुंडाळत होता म्हणून.

आणि तारखा बघा. 1989 मध्ये बीबीसीने मालिका बंद केली, नीट निरोपसुद्धा न देता, पुढचा सीझन काढलाच नाही. गॅलिफ्रे वन सुरू झालं 1990 मध्ये. म्हणजे मालिका संपल्यावर, पुढे काहीही येण्याची खात्री नसताना, लॉस एंजेलिसमधल्या लोकांनी ठरवलं की आपण भेटत राहायचं. 1996 चा एक टीव्ही सिनेमा सोडला तर पडद्यावर नवीन काही नाही, तब्बल 2005 पर्यंत. तेवढी सगळी वर्षं कादंबऱ्या, ऑडिओ नाटकं आणि असली संमेलनं यांवर मालिका जगली, आणि ते लिहिणारे-वाचणारेही बहुतेक चाहतेच. 2005 मध्ये ती परत आणली रसेल टी डेव्हिसने, तो लहानपणापासूनचा चाहता, मधल्या काळात त्याने डॉक्टरची एक कादंबरीही लिहिली होती. पुढे सूत्रं घेणारा ख्रिस चिबनॉल 1986 मध्ये, कोवळ्या वयात, चाहत्यांचा प्रतिनिधी म्हणून टीव्हीवर जाऊन मालिकेच्या लेखकांना तोंडावर सांगून आला होता की तुमचं लिखाण जमत नाहीये. बारावा डॉक्टर झालेला पीटर कपाल्डी शाळेत असताना रेडिओ टाइम्स या कार्यक्रमांच्या साप्ताहिकाला मालिकेबद्दल पत्र लिहीत होता, 1974 मध्ये छापून आलंय ते.

म्हणून मला वाटतं की त्या पोरीला तिथे नट बघायला न्यायचंच नाहीये. ज्या गोष्टीवर आपला जीव आहे ती सांभाळायचं काम प्रेक्षकही करू शकतात, हे तिला तिथे माणसांमध्ये बसून दिसेल, आणि हे यूट्यूबवर दिसत नाही हो. आत्ता तर जास्तच गरज आहे, कारण 2025 च्या ऑक्टोबरमध्ये डिस्नेबरोबर मिळून मालिका काढायचा करार संपल्याचं बीबीसीने सांगितल्यापासून मालिकेचं पुढे काय याची या मुलांना फार काळजी लागलीय. ज्यांनी 1989 पाहिलंय त्यांच्याशी तिने एकदा बोलावं.

प्रेषक: सीनियर ग्रुपमधल्या आजी

मला या मालिकेतलं काही माहीत नाही पण नातू तो लांबलचक पट्ट्यापट्ट्यांचा मफलर मागतो तो याच मालिकेतला ना? या मुलीला हवा असेल तर मी विणून देईन, सध्या हातात काही काम नाही. लांबी किती आणि रंग कोणते एवढं कळवा.

प्रेषक: ग्रंथालय समितीतली ताई

आजी, हो, तोच! चौथ्या डॉक्टरचा, टॉम बेकरचा, 1974 पासूनचा. त्याची हकीकत तुम्हाला आवडेल. कपडेपटवाल्याने बेगोनिया पोप नावाच्या विणणाऱ्या बाईंना वेगवेगळ्या रंगांची भरपूर लोकर दिली, यातून मफलर करा म्हणून, किती वापरायची ते सांगितलं नाही, तर त्यांनी सगळीच्या सगळी लोकर विणून टाकली. तो गळ्याला वेढे घेऊनही जमिनीला टेकायला लागला आणि बेकरला तसाच आवडला. वीण साधी आहे, प्रत्येक ओळ सुलटच. पट्ट्यांचा क्रम मात्र लोक टाका मोजून तपासतात, फोटो बघून बघून चाहत्यांनी सीझनप्रमाणे तक्ते तयार केलेत, मी प्रिंट काढून आणून देईन. रंग कमी हवे असतील तर 1980 च्या सीझनचा करा, त्यात वाइन रंग, जांभळा आणि तांबूस एवढेच आहेत. कन्व्हेन्शनला हाताने विणलेला मफलर लोक लांबूनच ओळखतात आणि कोणी विणला ते विचारायला येतात, तेव्हा तुम्हीही आमच्याबरोबर चला असं मी मनापासून म्हणतेय.

प्रेषक: नवीन सभासद, साउथ बे

सगळ्यांचे खूप आभार, काकांचेही, कारण ताईंचं दुसरं पत्र मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि ती कधी नव्हे ते हातातला फोन खाली ठेवून ऐकत होती. आजी, तिला मफलरचं सांगितलं तर तिला खरंच वाटेना. तिला 1980 चा चालेल म्हणते.

आता एकच. जायच्या आधी मी काय बघू? तिच्याबरोबर बसून बघायचंय, सगळं शक्य नाही, साठ वर्षांचं आहे म्हणे.

प्रेषक: ग्रंथालय समितीतली ताई

सगळं बघायची काही गरज नाही. मी दोनच सांगते, आणि दोन्ही मुद्दाम आपल्यासाठी निवडलेत.

एक म्हणजे अगदी पहिला एपिसोड, 23 नोव्हेंबर 1963 चा, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी दाखवलेला, त्या गडबडीत पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या आधी पुन्हा दाखवावा लागला होता. त्याचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा, आणि वय तेव्हा 24. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, तीही विशीतच. बीबीसीतल्या जुन्या पुरुषमंडळींच्या मधोमध एक तरुण बाई आणि एक तरुण भारतीय, यांनी ही मालिका उभी केली. लेकीला हे माहीत असेलही, पण आईकडून ऐकलं की वेगळं वाटतं. पन्नास वर्षं झाली तेव्हा त्या दिवसांवर एक टीव्ही फिल्म काढली, त्यात वारिस हुसेन झालेला साशा धवन पुढे 2020 मध्ये मालिकेतला मुख्य खलनायक झाला.

दुसरा 2018 चा डीमन्स ऑफ द पंजाब, विनय पटेलने लिहिलेला. डॉक्टरच्या बरोबरची याझ नावाची मुलगी आपल्या नानीचं तरुणपण बघायला ऑगस्ट 1947 मध्ये जाते, आणि नानीचं लग्न ठरलेलं असतं एका हिंदू मुलाशी, नेमकं फाळणीची रेषा शेतातून जाते त्या दिवशी. त्यात परग्रहावरचे प्राणी आहेत पण संकट त्यांचं नाहीये. यापेक्षा जास्त सांगत नाही. रुमाल जवळ ठेवा आणि संपल्यावर लगेच टीव्ही बंद करून झोपायला पाठवू नका, तिला बोलायचं असेल. तुमच्याकडे आजी-आजोबांकडून ऐकलेल्या फाळणीच्या गोष्टी असतील तर त्या सांगायला यापेक्षा चांगली रात्र मिळणार नाही.

बाकी तिकिटाचं, संख्या मर्यादित असते आणि पटकन संपतात, तर साइटवर ईमेल नोंदवून ठेवा आणि विक्री उघडली की त्याच दिवशी घ्या. हॉटेलच्या खोलीची आपल्याला गरज नाही, साउथ बेमधून रोज येऊन-जाऊन होतं, फक्त पार्किंगचा खर्च धरा नाहीतर एका गाडीतून जाऊ, माझ्याकडे मागच्या सीटवर तीन जागा आहेत. शनिवारची संध्याकाळ मात्र मोकळी ठेवा, वेशभूषेची स्पर्धा उशिरापर्यंत चालते आणि तुमची लेक अर्ध्यातून उठणार नाही. रिबनचं काम जानेवारीच्या सुरुवातीला छापायला द्यावं लागतं, तेव्हा तिला म्हणावं वाक्य ठरवायला लाग आणि ठरलं की मला पाठव, मी माझ्या ऑर्डरबरोबर तिच्याही शंभर टाकते.