पहिलीचे पहिले सत्र : घरी किती अभ्यास घ्यावा?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत आहे. दिवाळीपूर्वी प्रथम सत्राचे संकलित मूल्यमापन होईल, परंतु ती अजूनही ‘क’ उलटा काढते. घरी किती सराव घ्यावा?

उत्तर (एक शिक्षिका) : ताई, घाबरू नका. संकलित चाचणीबरोबरच आकारिक मूल्यमापनही असते, ज्यात तोंडी काम, प्रात्यक्षिक आणि उपक्रम यांची नोंद होते. निपुण भारत अभियानातही पायाभूत वाचन व अंकज्ञानाचे उद्दिष्ट तिसरीअखेरचे आहे. ताटात रवा पसरून तिला बोटाने अक्षर गिरवू द्या.

उत्तर (एक पालक) : आम्ही रात्री मुलाकडूनच वेळापत्रकाप्रमाणे दप्तर भरून घेतो आणि १५ मिनिटे गोष्ट वाचतो. परिपाठापूर्वी शाळेत पोहोचणे मात्र सांभाळा, कारण उशिरा आलेले मूल बराच वेळ बावरलेले राहते.