माकडांच्या टॉक्स (विषारीपणा तपासणाऱ्या) स्टडीत लो डोसला एडीए (औषधाविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, हाय डोसला निगेटिव्ह. रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

प्रश्न:
औषध म्हणजे ह्युमनाइझ्ड आयजीजी१ (मानवीसारखी केलेली अँटीबॉडी), सायनोमोल्गस माकडं, आठवड्याला एक डोस, चार आठवडे. ५ मिग्रॅ/किलोच्या गटात दोन माकडांची औषधाची पातळी १५व्या दिवसानंतर कोसळली. ब्रिजिंग ईसीएलमध्ये (एडीएने दोन लेबल्ड औषधं जोडली की प्रकाश देणारी चाचणी) दोन्ही पॉझिटिव्ह. १०० मिग्रॅ/किलोची सगळी निगेटिव्ह, पण त्या ट्रफ (पुढच्या डोसच्या अगदी आधीच्या) नमुन्यांत ८०० मायक्रोग्रॅम/मिली औषध आहे. टार्गेट (औषध ज्याला चिकटतं ते प्रथिन) रक्तात विरघळलेलं, डायमर (दोन सारख्या भागांची जोडी). हाय डोसला एडीए झाले नाहीत असं लिहावं का?

उत्तर १:
नको. ब्रिज व्हायला एडीएच्या एका हाताने बायोटिन लावलेलं (प्लेटला चिकटणारं) औषध आणि दुसऱ्याने रुथेनियम लावलेलं (सिग्नल देणारं) औषध धरायला हवं. इथे दोन्ही हात आधीच नमुन्यातल्या औषधाने अडवलेत.

आधी ड्रग टॉलरन्स (किती औषध असतानाही चाचणीला एडीए दिसतात) काढा: सशाचा पॉझिटिव्ह कंट्रोल (औषधाविरुद्धची सशाची अँटीबॉडी) ५०० नॅनोग्रॅम/मिली, त्यात औषध ० ते १००० मायक्रोग्रॅम/मिली, तासभर ठेवून सिग्नल कटपॉइंटखाली (पॉझिटिव्ह ठरवायच्या मर्यादेखाली) कुठे जातो ते बघा. मग अ‍ॅसिड डिसोसिएशन (औषध आणि एडीए सुटे करणं): ३०० मिलिमोलर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये नमुना १:१० करून तासभर, नंतर ट्रिस बफरने न्यूट्रल. दोन्ही लेबल्ड औषधं ट्रिसमध्येच मिसळून घाला. आधी न्यूट्रल करून लेबल मागून घातलं, तर नमुन्यातलं औषध एडीएला परत पकडतं आणि अ‍ॅसिडची मेहनत वाया जाते. शेवटचा पीएच ७ ते ७.५ आला का, पट्टीने तपासा.

प्रश्नकर्ता:
केलं. आता ८व्या दिवशीच हाय डोसची सगळी पॉझिटिव्ह. जास्तीचं साधं औषध घातलं की सिग्नल पडतो. म्हणजे खरे एडीए ना?

उत्तर २:
बहुतेक टार्गेटच. औषधाला चिकटलेलं टार्गेट शरीराबाहेर लवकर जात नाही, साठत जातं; अ‍ॅसिडने ते सुटतं आणि डायमर असल्याने स्वतःच ब्रिज बांधतं. साधं औषध ते सिग्नलही दाबतं, म्हणून ही कन्फर्मेटरी (खात्रीची) चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही. टार्गेटवरची औषध बसायची जागा झाकणारी, औषधापेक्षा वेगळ्या सांगाड्याची गोष्ट घाला, उदा. विद्राव्य रिसेप्टर. त्याने सिग्नल पडला तर टार्गेट, टिकला तर एडीए. रिसेप्टरला एफसी (अँटीबॉडीचा शेपटीकडचा भाग) टॅग असेल तर तेवढं जपा, औषधाच्या एफसीवर बसणारे एडीए तोही ओढून घेईल.

उत्तर ३:
दुसरी वाट जास्त सोपी: औषध-एडीए कॉम्प्लेक्सच मोजा. माकडाच्या आयजीजीला न चिकटणारं अँटी-ह्युमन एफसी प्लेटवर, आणि मानवी आयजीजीला न चिकटणारं अँटी-मंकी आयजीजी डिटेक्शनला. इथे जास्त औषध उलट मदतच करतं. आयजीएम (अँटीबॉडीचा दुसरा प्रकार) मात्र दिसणार नाही.

रिकव्हरी गटाचे (डोस थांबवून पुढे पाहिलेल्या माकडांचे) नमुने नक्की तपासा. औषध उतरलं की लपलेले एडीए वर येतात. आयसीएच एस६(आर१) या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेप्रमाणे नमुने जपून ठेवायचे आणि एक्सपोजर (शरीराला मिळालेलं औषध) किंवा पीडी (औषधाचा परिणाम) बदलल्यावर, किंवा इम्यून प्रतिक्रिया दिसल्यावर तपासायचे. तुमच्याकडे एक्सपोजर पडलंय, तेव्हा तपासणं भागच आहे. रिपोर्टमध्ये प्रत्येक माकडाचं एडीए आणि औषधाची पातळी शेजारीशेजारी द्या. हाय डोसला पातळी शेवटपर्यंत टिकली असेल तर एक्सपोजर पुरेसं मिळालं असं स्पष्ट लिहा, आणि एडीएच्या रकान्यात ‘निगेटिव्ह’ऐवजी ‘औषधामुळे अनिर्णित’.